फिरवलेले ताट

प्रार्थनागृहाच्या तळघरात जे अन्नछत्र चाले, त्याचा सर्वांत कडक नियम भिंतीवर कोठेही लिहिलेला नव्हता. वाढणाऱ्याने आपली नजर ताटाच्या कडेच्या वर नेऊ नये, एवढाच तो नियम. समोर बसलेला मनुष्य तरुण की वृद्ध, कालचाच की आज नवा आलेला, हे पाहण्याचा अधिकार वाढणाऱ्याला नाही. त्याने ताट पाहावे, ताटाशेजारचा हात पाहावा आणि तो हात ताटावर आडवा येईपर्यंत वाढीत जावे. हात आडवा आला की पुढच्या ताटाकडे वळावे. हे घर ज्यांनी उभे केले त्या पहिल्या उपदेशकांची अशी श्रद्धा होती की, भुकेल्याच्या रूपाने येतो तो ईश्वरच येतो, आणि ईश्वराकडे कोणी टक लावून पाहत नाही. पुढच्या पिढीने त्या नियमाचा साधा अर्थ लावला. दुसऱ्याच्या दारी जेवणाऱ्याला ओळखले जाण्याची लाज वाटते, ती वाटू नये. अर्थ कोणताही घेतला तरी मान खालीच राहिली.

नव्या माणसांना हा नियम शिकवण्याचे काम बाईंकडे होते. बाईंनी उभा जन्म मुलींना शिवणकाम शिकवण्यात घालवला होता आणि 'बाई' हे संबोधन तेथूनच त्यांच्यामागे आले होते. वयोमानाने सुईच्या नेढ्यात दोरा जाईनासा झाला तेव्हा त्या येथे आल्या. शिलाईवरून नजर हलू न देण्याची सवय असल्यामुळे त्यांना हा नियम कधी जड वाटला नाही. इतरांना वाटे.

"बाई, मान मोडेल माझी," नुकताच निवृत्त होऊन आलेला पोस्टमन पहिल्याच दिवशी कुरकुरला. "उभा जन्म दारोदार माणसांची तोंडं बघून पत्रं वाटली. आता एकदम हात बघायचे?"

"इथे पत्र द्यायचं नाहीये, रस्सा वाढायचाय. हात बघितला की पुरतं."

"आणि हात आडवा आलाच नाही तर?"

"तर वाढत राहायचं."

"अहो, ताट वाहून जाईल!"

"आजवर गेलं नाही. आपलं पोट किती, हे ज्याचं त्याला कळतं."

मग बाईंनी त्याला ती जुनी हकीकत सांगितली. येथे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाच्या कानावर त्या ती घालीत. एक भला दुकानदार वाढायला येत असे. एके दिवशी त्याची नजर वर गेली आणि तो आनंदाने ओरडला, "सर, तुम्ही! ओळखलंत का मला?" समोर त्याचे शाळेतले शिक्षक बसले होते. शिक्षकांनी हातातला चमचा हळूच ताटात ठेवला, कोटाची बटणे लावली आणि ते जिना चढून निघून गेले. पुन्हा ते कधीच आले नाहीत. दुकानदाराने त्यांना शहरभर शोधले. ते सापडले नाहीत.

पोस्टमनने मान खाली घातली ती घातलीच.

थंडी सुरू होण्याच्या सुमारास बाईंचे यजमान वारले. बाईंनी आवश्यक तेवढे दिवस घरी काढले आणि मग डोक्याला कपाळापर्यंत पांढरा रुमाल बांधून, नाकातोंडावर फडके ओढून त्या पुन्हा रश्शाची बादली घेऊन उभ्या राहिल्या. लोक म्हणाले, बाई फार धीराच्या. तो धीर नव्हे, हे बाईंना ठाऊक होते. दात काढण्यापूर्वी वैद्य सुई टोचतो आणि मग आपलाच गाल आपला राहत नाही. त्यांचे सगळे अंग तसे झाले होते. चहाचा पेला ओठाला लावला तरी चहा गरम आहे की निवलेला, हे त्यांना कळत नसे. घरी परतल्यावर त्या खुर्चीवर बसत, आणि दिवा लावायचा राहून गेला हे अंधार झाल्यावर ध्यानात येई. रडू आले नाही. त्याचे वाईटही वाटले नाही.

या घराची आणखी एक रीत होती. रोजचे अन्न कोणा ना कोणा दिवंगताच्या स्मरणार्थ असे. बाकांसमोरच्या टेबलांवर ताटे मांडली जात, ताटांत पाव ठेवले जात आणि प्रार्थना होई. मग उपदेशक त्या दिवंगताचे नाव घेऊन त्याच्याविषयी घरच्यांनी दिलेले वाक्य म्हणत. वाक्य एकच असावे असा दंडक होता, कारण भुकेल्याला ताटकळत ठेवू नये. ती वाक्ये बहुधा एकाच साच्यातली असत. ते सत्यवचनी होते. त्या अत्यंत मायाळू होत्या. उपदेशकांनी बाईंना यजमानांसाठी दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा बाईंनी एकच उत्तर दिले होते. "वाक्य सुचत नाही."

अशा दिवसांत शेवटच्या बाकावर, भिंतीकडेच्या जागेवर एक ताट फिरले.

येथली ताटे पत्र्याची, दोन कप्प्यांची होती. रश्शाचा खोलगट कप्पा उजवीकडे आणि पावाचा सपाट कप्पा डावीकडे येईल अशी ती मांडली जात. सर्वांची एकाच दिशेने, कोणालाही वेगळे नाही. त्या दिवशी बाई बादली घेऊन भिंतीपाशी पोहोचल्या तेव्हा एक डावा हात पुढे झाला. त्याने दोन बोटांनी ताटाची कड धरून ताट अर्धे फिरवले, रश्शाचा कप्पा आपल्या डावीकडे घेतला आणि अंगठ्याच्या नखाने कडेवर हलकेच टिचकी मारली.

बाईंच्या हातातले ओगराळे बादलीवर थांबले. रस्सा त्यातून थेंबथेंब पुन्हा बादलीत पडत राहिला.

डावखुरी माणसे जगात पुष्कळ असतात. ताट फिरवून घेणारेही असतील. परंतु फिरवल्यावर टिचकी मारणारा मनुष्य बाईंनी आयुष्यात एकच पाहिला होता.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा दीर अगदी लहान होता. सासूसासरे आधीच गेलेले. यजमानांचे स्वतःचे मिसरूडही नीट फुटले नव्हते अशा वयात त्यांच्यावर भावाला वाढवण्याची जबाबदारी पडली होती आणि ती त्यांनी डोळ्यांत तेल घालून पार पाडली. ते कठोर होते, कारण वडीलधारे कसे असतात याची त्यांची कल्पना तेवढीच होती. मुलगा डावखुरा होता. तो जेवायला बसला की ताट फिरवी, वाटी डाव्या हाताला घेई आणि कडेवर टिचकी मारी. यजमान हात लांब करून ताट पुन्हा सरळ करीत. मग मुलगा उजव्या हाताने सांडत, लवंडत जेवे.

"ताटाला झोपेतून उठवता की काय, भावजी?" बाई त्या टिचकीवरून त्याची थट्टा करीत. तो हसे. यजमान घरी नसले की बाई त्याचे ताट फिरवूनच वाढीत.

मुलगा मोठा झाला, सुतारकामात नाव काढू लागला. रंधा तो डाव्याच हाताने मारी आणि त्याच्या हातचा सांधा बोटाला लागत नसे. एकदा त्याला मुलगी सांगून आली. तिच्या घरची माणसे जेवायला बसली होती. दिराने सवयीने ताट फिरवले. यजमानांनी चारचौघांत हात पुढे करून ते सरळ केले आणि पाहुण्यांकडे पाहून हसत म्हटले, "लहान मूल आहे हो अजून आमचं." बाई स्वयंपाकघरातून भांडे घेऊन बाहेर आल्या तेव्हा दाराची एक झडप हलत होती आणि पाहुणे एकमेकांकडे पाहत होते. भरल्या ताटावरून तो उठला तो उठलाच. त्या घराचा उंबरठा त्याने पुन्हा चढला नाही.

यजमान त्याच्याविषयी कधी बोलले नाहीत. पुढे, कैक वर्षांनी, त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. तो हात मांडीवर ठेवावा तिथेच पडून राही. ते डाव्या हाताने चमचा धरायला शिकले. पहिल्यांदा वाटीपर्यंत हात पोहोचेना, तेव्हा ते बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताट फिरवले.

"असं सोपं होतं होय," ते जड जिभेने म्हणाले. "त्याला सांग."

तो कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, बाईंनाही नव्हते. बाई नुसते "बरं" म्हणाल्या.

आता तो येथे होता. वाढायचे थांबवून बाईंनी त्या हाताकडे पाहिले. नखांत काळे साचलेले, बोटांचे सांधे सुजलेले, कोटाच्या बाहीची शिवण सुटून दोरे लोंबत असलेले. त्यांनी आपल्या छातीत काही होते का याची वाट पाहिली. काहीच झाले नाही. त्यांनी वाढले. हात आडवा आला आणि त्या वळल्या.

दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा फिरले, तिसऱ्याही दिवशी फिरले. मग एकदा भांडी घासून झाल्यावर बाईंनी आचाऱ्याला सांगितले. आचारी देहाने अगडबंब आणि जिभेने मोकळा होता. एवढ्या मोठ्या पातेल्यात ढवळायचे तर माणूसही त्याच मापाचा हवा, असे तो स्वतःच सांगे.

"मग बघा की एकदा हळूच वर," तो कांद्याची साले गोळा करीत म्हणाला. "देव काय छडी घेऊन बसलाय?"

"आणि तो उठून गेला तर?"

"घरचं माणूस दिसल्यावर कोण उठून जातंय?"

"तो घरच्याच माणसांसमोरून उठून गेलाय."

 तळघराच्या उंच, बारक्या खिडकीतून रस्ता दिसे. तेथे लोकांची पावले चालली होती आणि फरशीच्या कडेला पाणी गोठून पांढरे झाले होते.

"या गारठ्यात एक वेळचं गरम त्याला इथंच मिळतं," बाई म्हणाल्या. "ते मी घालवू?"

"बाहेर गाठा ना. जेवून निघाला की जिन्यात उभ्या राहा."

"म्हणजे पुन्हा तेच झालं. ओळख नको म्हणूनच तर तो इथे येतो."

"मग गप्प बसा."

"गप्प बसले तर यांचा निरोप राहतो."

"बाई, तुम्ही शेवटच्या बाकावरच्या आमच्या वकिलाच्या वरताण झालात," आचारी उठत म्हणाला. "काही म्हटलं की उत्तर तयार." थोड्या वेळाने मात्र त्याने विचारले, "त्यानं तुम्हाला ओळखलं असेल?"

बाईंनी डोक्याच्या रुमालाला हात लावला. कपाळापर्यंत रुमाल, नाकापर्यंत फडके. ते दूर केले तरी खाली म्हाताऱ्या बाईचाच चेहरा होता. "कसं ओळखेल?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपदेशकांच्या खोलीत गेल्या.

"उद्याचं अन्न यांच्या नावानं असू दे."

"फार उत्तम झालं, बाई." उपदेशक वयाने लहान, परंतु मोठे आदबशीर गृहस्थ होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. "वाक्य सुचलं म्हणायचं."

बाईंनी वाक्य सांगितले. उपदेशकांनी ते मनात एकदा घोळवले आणि ते अवघडले.

"बाई, रागावू नका. पण दिवंगताच्या स्मरणात हे जरा... त्यांच्या सचोटीबद्दल काही सांगता येईल. भावाला त्यांनी वाढवलं म्हणता, त्या त्यागाबद्दल—"

"नको."

"लोक हसतील हो."

"हसू देत. एवढंच म्हणा. एक शब्द इकडचा तिकडे नको."

दुसऱ्या दिवशी ताटे मांडली गेली, पाव ठेवले गेले. माणसे जिना उतरून आली, त्यांच्या पायांबरोबर ओला गारठा आत आला. शेवटच्या बाकावर भिंतीशेजारी तो बसला. त्याच्या अलीकडे वकील बसला. तो खरा वकील नव्हे. प्रत्येक गोष्टीवर हरकत घेई म्हणून त्याला ते नाव पडले होते. बाई बादली घेऊन भिंतीच्या टोकाला उभ्या राहिल्या. भिंतीकडचे ताट फिरले आणि कडेवर टिचकी पडली.

प्रार्थना झाली. उपदेशकांनी यजमानांचे नाव घेतले. पूर्ण घेतले, आडनावासकट. नंतर त्यांनी स्वच्छ आवाजात वाक्य म्हटले :

"अखेरच्या काळात ते डाव्या हाताने जेवत, आणि आपले ताट स्वतःच फिरवून घेत."

कोणीतरी फिसकन हसले. "चला, हे एक वाक्य तरी पटण्यासारखं," वकील म्हणाला. "बाकीचे सगळे सत्यवचनीच कसे मेले, मी म्हणतो!"

बाई पहिल्या बाकाशी गेल्या आणि तेथून वाढू लागल्या. ताट, हात, ताट, हात. त्या शेवटच्या बाकापाशी आल्या, वकिलाच्या ताटात रस्सा वाढू लागल्या, आणि त्यांची नजर वकिलाच्या ताटावरून घसरून पुढच्या ताटावर गेली.

ते ताट सरळ होते. डाव्या हाताने ते पुन्हा पहिल्यासारखे, सगळ्यांच्या ताटांसारखे करून ठेवले होते. थोरल्या भावाने केले असते तसे. आणि तो हात त्या रस्सा न वाढलेल्या ताटावर आडवा पडला होता.

"बाई! अहो बाई, हात शिजला माझा!"

वकिलाने केव्हाच हात आडवा धरला होता आणि रस्सा त्याच्या बोटांवरून वाहत टेबलावर पसरला होता. बाईंनी फडक्याने त्याचा हात पुसला. "चुकलं," त्या म्हणाल्या. एवढ्या काळात त्यांचे असे पहिल्यांदाच चुकले होते.

नंतर त्या पुढे सरकल्या. पुढे फक्त तेच ताट होते आणि त्यापलीकडे भिंत. हात आडवा असला की वळावे, हा नियम त्यांनीच सर्वांना शिकवला होता. बाक करकरले. समोरचे शरीर उठण्यासाठी पुढे कलले आणि त्याचा उजवा हात टेबलाच्या कडेवर रेटला गेला, हे बाईंना नजर वर न नेताच दिसले. भरल्या ताटावरून उठण्याची वेळ टळावी म्हणून त्याने ताट भरूच दिले नव्हते.

बाईंनी ओगराळे बादलीत सोडले. त्या वाकल्या. त्यांनी दोन बोटांनी ताटाची कड धरली आणि वर हात तसाच ठेवलेले ते ताट हळूहळू अर्धे फिरवले. रश्शाचा कप्पा त्याच्या डावीकडे आला. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने कडेवर टिचकी मारली.

बाक करकरायचे थांबले.

 मागे कोणीतरी पाव मागत होते आणि पोस्टमन "आलो, आलो" म्हणत होता.

"कधी?" वरून आवाज आला. आवाज घोगरा होता. पुष्कळ दिवसांत न वापरल्यासारखा.

"थंडीच्या तोंडाला," बाई ताटाला म्हणाल्या.

"हाल झाले?"

"फार नाही. उजवं अंग गेलं होतं. असं सोपं होतं, म्हणाले. तुम्हाला सांग म्हणाले."

हात ताटावरून उठला. बाईंनी वाढले. हात पुन्हा आडवा येईल म्हणून त्या वाट पाहत होत्या, तो येईना. त्या वाढत राहिल्या. रस्सा कप्प्याच्या कडेला लागला, पावाच्या कप्प्यात उतरला, पाव भिजू लागला. मग हात आडवा आला.

"आम्हाला बोटांवर आणि यांना काठोकाठ," वकील म्हणाला. "कुठला न्याय हा?"

बाईंनी बादली उचलली आणि त्या वळल्या. मागे चमचा ताटाला लागल्याचा आवाज झाला, मग पुन्हा झाला. त्या दिवशी त्या ओळीत शेवटपर्यंत कोणी ताटावरून उठले नाही.

घासताना सगळी ताटे सारखीच होती. कोणते त्याचे, हे बाईंना कळले नाही.

"झालं ना मनासारखं?" आचाऱ्याने विचारले.

"कोण जाणे."

"उद्या येईल?"

"कोण जाणे," बाई पुन्हा म्हणाल्या आणि ताटे पुसू लागल्या. घरी जाऊन त्या खुर्चीवर बसल्या. अंधार पडला तेव्हा उठून त्यांनी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी ताटे मांडण्याचे काम पोस्टमनकडे होते. त्याने भिंतीकडचे ताट मांडले आणि तो पुढे गेल्यावर बाईंनी येऊन ते फिरवले. परत येताना पोस्टमनला ते दिसले. त्याने सरळ करण्यासाठी हात पुढे केला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, सगळ्यांची एका दिशेनं, असं तुम्हीच—"

"ते एक राहू द्या."

माणसे आली. प्रार्थना झाली. उपदेशकांनी कोणा अत्यंत मायाळू बाईंचे नाव घेतले. बाई वाढत वाढत शेवटच्या बाकाशी आल्या. वकिलाने आज दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. "आज मी तोंडानंच 'पुरे' म्हणेन, पोळायचं नाहीये मला," त्याने बजावले.

भिंतीकडे डावा हात पुढे आला होता. ताट फिरवण्यासाठी निघालेली दोन बोटे कडेवर येऊन थांबली. कप्पा आधीच डावीकडे होता. मग नुसती टिचकी वाजली.

बाईंनी ओगराळे उचलले. रस्सा नुकताच चुलीवरून उतरला होता आणि ओगराळ्याचा दांडा तापला होता. तो पोळला, आणि पोळल्याचे बाईंना कळले.